ॲप्स मेमरी कार्डवर हलवून फोनमध्ये जागा करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर सारखं 'स्टोरेज फुल' येतंय. ॲप्स कार्डवर टाकली तर काम भागेल का?

थोडंफार भागेल, पण लोकांना वाटतं तितकं नाही. बहुतेक फोनमध्ये जागा ॲप्स खात नाहीत. ॲप्सनी साठवलेला माल ती खातो: व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, गॅलरीतले फोटो, डाउनलोड करून विसरलेल्या फाइली. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. आधी फोटो, व्हिडिओ आणि डाउनलोड कार्डवर न्या. तरीही जागा कमी पडली, तरच ॲप्सना हात लावा. ॲप्स हलवण्याबद्दल लोक सर्वात जास्त विचारतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ॲप कार्डवर हलवलं की नेमकं काय हलतं?

'सेटिंग्ज → ॲप्स' मध्ये जाऊन कोणतंही ॲप उघडा आणि 'स्टोरेज' दाबा. तिथे तीन आकडे दिसतात: ॲप, डेटा आणि कॅशे (ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फाइली). समजा एखाद्या ॲपचं ॲप १५० एमबी, डेटा १.८ जीबी आणि कॅशे ४०० एमबी आहे. कार्डवर जातो तो मुख्यतः पहिला आकडा, म्हणजे ॲपची मूळ फाइल. तुमचं लॉगिन, ॲपचा डेटाबेस, चॅट आणि ॲप लवकर उघडावं म्हणून अँड्रॉइडने तयार करून ठेवलेल्या फाइली फोनमध्येच राहतात. म्हणजे एवढी खटपट करून सुटणार फार तर १५० एमबी. हे तीन आकडे बघितल्याशिवाय कोणतंही ॲप हलवू नका. निम्म्या वेळा इथेच कळतं की हलवण्यात अर्थ नाही, आणि कॅशे साफ केली तर दोन सेकंदांत त्याहून जास्त जागा सुटते.

मोठे गेम हा थोडा वेगळा प्रकार आहे. त्यांच्यात ॲपची फाइलच मोठी असते आणि काहींची जास्तीची गेमफाइल कार्डवर जाऊ शकते. हलवण्याचा खरा फायदा कुठे असेल, तर तो तिथे.

हलवायचं कसं?

सॅमसंगच्या कार्डाचा स्लॉट असलेल्या फोनमध्ये: सेटिंग्ज → ॲप्स → हवं ते ॲप → स्टोरेज. वर 'यूज्ड स्टोरेज' किंवा तशाच नावाखाली 'इंटर्नल स्टोरेज' लिहिलेलं असतं आणि शेजारी 'चेंज' असतं. ते दाबा, 'एसडी कार्ड' निवडा आणि 'मूव्ह' करा. हे चालू असताना ते ॲप उघडू नका, कार्ड काढू नका आणि बॅटरी ३० टक्क्यांच्या वर असू द्या. मोठा गेम असेल तर पाच-दहा मिनिटं लागू शकतात. टक्केवारी मध्येच थांबल्यासारखी वाटली तरी थोडं थांबा.

झालं की ॲप एकदा उघडून बघा आणि फोन रिस्टार्ट करून पुन्हा उघडा. रिस्टार्टनंतरही नीट उघडलं, तरच पुढचं ॲप हलवा. दहा ॲप्स एका बैठकीत हलवली आणि फोन अडखळायला लागला, तर दोष कुणाचा ते शोधता येत नाही.

माझ्या फोनवर 'चेंज' दिसतच नाही. फोन खराब आहे का?

नाही. यामागे तीन कारणं असतात.

पहिलं कारण ॲप बनवणारा. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१० च्या २.२ आवृत्तीपासून आहे, पण ॲप कार्डवर जाऊ द्यायचं की नाही हे ॲप बनवणाऱ्याने ॲपमध्ये लिहून ठेवायचं असतं. त्याने काहीच लिहिलं नाही, तर अँड्रॉइड ते फोनमध्येच ठेवतं. व्हॉट्सॲपचं असंच आहे.

दुसरं कारण फोनची कंपनी. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्या बऱ्याच फोनमध्ये कार्डाचा स्लॉट असतो, पण तो फोटो, गाणी आणि फाइलींपुरता. ॲप्स हलवण्याची सोय कंपनीनेच दिलेली नसते.

तिसरं कारण म्हणजे ते ॲप फोनसोबत आलेलं सिस्टीम ॲप असतं. ती ॲप्स हलत नाहीत. नको असतील तर 'डिसेबल' करा आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' दाबा. थोडी जागा त्यातूनही निघते.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एक स्विच असतो म्हणतात. तो चालू करू का?

असतो. 'अबाउट फोन' मध्ये 'बिल्ड नंबर' वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात आणि खाली 'फोर्स अलाउ ॲप्स ऑन एक्स्टर्नल' सापडतं. त्याने ॲप बनवणाऱ्याची मनाई बाजूला सारली जाते. पण कंपनीने सोयच काढून टाकली असेल, तर या स्विचनेही 'चेंज' येत नाही. आणि बनवणाऱ्याने मनाई केली असेल, तर सहसा त्याला कारण असतं. एखाद्या जड गेमपुरतं वापरून बघायला हरकत नाही. रोजच्या कामाच्या ॲपसाठी वापरू नका.

कोणती ॲप्स कार्डवर अजिबात नेऊ नयेत?

फोन सुरू होताना किंवा पडद्यामागे जी चालतात, ती सगळी. फोन चालू झाल्यावर कार्ड जोडलं जायला काही क्षण लागतात. तोवर कार्डवरचं ॲप अँड्रॉइडच्या लेखी नसतंच. 'फोन सुरू झाला' हा इशारा त्या ॲपपर्यंत पोचत नाही आणि ते झोपून राहतं. त्यामुळे अलार्म, कीबोर्ड, लाइव्ह वॉलपेपर, होम स्क्रीनवर विजेट असलेली ॲप्स, खातं सिंक करणारी ॲप्स आणि फोन हरवल्यावर शोधणारी ॲप्स फोनमध्येच ठेवा. 'हलवल्यापासून विजेट गायब झालं', 'औषधाचं रिमाइंडर वाजलंच नाही' या तक्रारींचं मूळ हेच असतं. ॲप परत इंटर्नलमध्ये आणा, विजेट नव्याने लावा, काम होतं.

यूपीआय आणि बँकेची ॲप्स बहुधा हलतच नाहीत. हलत असली तरी हलवू नका. दुकानात पैसे द्यायला उभं राहिल्यावर कार्ड अडलं, तर फोनमधलं नेट, सिम, बॅलन्स सगळं ठीक असूनही पेमेंट होणार नाही.

मग हलवायचं काय? ऑफलाइन गेम, शब्दकोश, अभ्यासाची मोठी ॲप्स, फोटो एडिटर. ज्याच्यावाचून आठवडाभर अडणार नाही, ते.

'फॉरमॅट ॲज इंटर्नल' हा पर्याय दिसतोय. त्याने कार्ड फोनच्या स्टोरेजमध्ये मिसळून जातं का?

हो, आणि म्हणूनच हा पर्याय पूर्ण समजून घेतल्याशिवाय दाबू नये. २०१५ साली अँड्रॉइड ६ सोबत ही सोय आली. मोटोरोलाच्या बऱ्याच फोनमध्ये ती सापडते. सॅमसंगने ती दिलेली नाही. स्टोरेजमध्ये कार्डवर टॅप करून, वरच्या तीन टिंबांतून 'स्टोरेज सेटिंग्ज' मध्ये गेलं की ती दिसते. यात कार्ड पूर्ण पुसलं जातं, एन्क्रिप्ट होतं (म्हणजे डिजिटल किल्लीशिवाय वाचता येत नाही) आणि फोन त्याला आपलाच भाग मानतो. इथे ॲपसोबत त्याचा डेटाही कार्डवर जातो, म्हणून खरोखर बरीच जागा सुटते.

किंमतही तशीच आहे. एन्क्रिप्शनची किल्ली फोनच्या आत असते. ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपला लावलं, तर वाचता येत नाही. फोन पाण्यात पडून बंद झाला किंवा फॅक्टरी रीसेट केला, की किल्ली गेली आणि कार्ड धडधाकट असूनही त्यातले फोटो गेले. दुरुस्तीवाल्याकडे फोन देताना 'कार्ड काढून ठेवलंय, फोटो सुरक्षित आहेत' असं समजणाऱ्यांची फसगत इथेच होते.

वेगाचाही प्रश्न आहे. फॉरमॅट करताना फोन कार्डाचा वेग तपासतो आणि कार्ड मंद वाटलं तर तसा इशारा देतो. तो इशारा आला तर तिथेच थांबा. मंद कार्ड इंटर्नल केलं, की प्रत्येक ॲप त्याच्या चालीने चालतं. ३२ जीबीचा जुना फोन आहे, नवा इतक्यात घ्यायचा नाही, कार्ड चांगलं आहे आणि फोटोंचा बॅकअप दुसरीकडे आहे, अशा वेळी हा पर्याय नक्की घ्यावा. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर कार्ड साधं, 'पोर्टेबल'च राहू द्या.

कार्ड कोणतं घ्यायचं? 'क्लास १०' पुरेसं आहे ना?

फोटो आणि गाण्यांसाठी पुरेसं आहे, ॲप्ससाठी नाही. 'क्लास १०' म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी. पण ॲप चालताना एक लांब फाइल वाचली जात नाही, शेकडो लहान तुकडे इकडून तिकडून वाचले आणि लिहिले जातात. त्यासाठी कार्डावर 'ए१' किंवा 'ए२' ही खूण असते. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १,५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं. ए२ साठी हेच आकडे ४,००० आणि २,००० आहेत. मात्र ए२ चा पूर्ण वेग मिळायला फोननेही तशी साथ द्यावी लागते, आणि बऱ्याच फोनमध्ये ती नसते. त्यामुळे जास्तीचे पैसे घालवू नका. नावाजलेल्या कंपनीचं, ए१ आणि यू१ (किमान वेग क्लास १० इतकाच) खुणा असलेलं ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड बहुतेकांना पुरतं. ४के व्हिडिओ काढत असाल तर 'यू३' किंवा 'व्ही३०' बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. फोन किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते त्याच्या माहितीत लिहिलेलं असतं. जुने काही फोन ३२ च्या पुढे जात नाहीत. आणि ट्रे 'हायब्रिड' आहे का तेही बघा. तसा असेल, तर दुसरं सिम किंवा कार्ड यातलं एकच बसेल.

६४ जीबीचं कार्ड लावलं, फोन ५९ दाखवतो. फसवलं का?

नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, बरेच फोन १०२४ च्या पटीत. ६४ चे साधारण ५९.६ आणि १२८ चे ११९ दिसणं बरोबर आहे.

नागपुरात बर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन सेलमध्ये ५१२ जीबीचं कार्ड तीनशे-चारशे रुपयांत मिळतंय. घ्यावं का?

नाही. या किमतीत खरं ५१२ जीबीचं कार्ड मिळत नाही. जागा बर्डी असो, इतवारी असो की मोठी वेबसाइट, त्याने फरक पडत नाही. किमतीनेच ओळखायचं.

नकली कार्डात प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबीची चिप असते आणि तिच्या कंट्रोलरला 'मी ५१२ आहे' असं खोटं सांगायला लावलेलं असतं. फोन आणि कॉम्प्युटर दोघेही त्याच्यावर विश्वास ठेवतात. पहिले काही दिवस सगळं छान चालतं, कारण खरी जागा अजून भरलेली नसते. ती भरली, की नवीन फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत विरतात. गॅलरीत फोटोंची नावं दिसतात, पण उघडल्यावर राखाडी चौकोन येतो, नाहीतर अर्धाच फोटो येतो. हे बहुधा लग्नाचा किंवा बारशाचा व्हिडिओ शोधताना कळतं, आणि तोवर काही हातात उरलेलं नसतं.

म्हणून कार्ड नवं असतानाच तपासा, मग ते कुठूनही घेतलेलं असो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालतं, लिनक्स आणि मॅकवर 'एफ३'. रिकामं कार्ड रीडरमध्ये लावा, एच२टेस्टडब्ल्यूमध्ये कार्डाचा ड्राइव्ह निवडा, 'ऑल अव्हेलेबल स्पेस' ठेवा आणि 'राइट प्लस व्हेरिफाय' दाबा. ते एक-एक जीबीच्या फाइली लिहून अख्खं कार्ड भरतं आणि मग प्रत्येक फाइल परत वाचून ताडून बघतं. १२८ जीबीला सेकंदाला २० एमबीच्या वेगाने लिहायलाच पावणेदोन तास लागतात, वाचण्याचा वेळ वेगळा. शेवटी एकही चूक नाही असा निकाल आला तर कार्ड खरं. लाल अक्षरात 'अमुक इतका डेटा गमावला' आलं, तर त्या पडद्याचा फोटो काढा आणि बिलासह कार्ड परत करा. बिलावर कंपनी, मॉडेल आणि जीबी लिहून घ्यायला विसरू नका. खरं निघालेलं कार्ड शेवटी फोनमध्येच फॉरमॅट करून वापरायला घ्या.

व्हॉट्सॲप १२ जीबी खातंय. ते कार्डवर नेता येत नाही, मग काय करू?

जागेचा सर्वात मोठा साठा इथेच आहे, त्यामुळे इथे अर्धा तास घालवा.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा → मॅनेज स्टोरेज' उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तिथे वेगळ्या काढलेल्या असतात. खाली कोणत्या गटाने किती जागा घेतली, तेही क्रमाने दिसतं. सोसायटीचा एक गट, शाळेच्या मित्रांचा एक आणि नातेवाइकांचा एक, एवढे साफ केले तरी अनेकांचे चार-पाच जीबी सुटतात.

त्यानंतर फाइल मॅनेजरमध्ये इंटर्नल स्टोरेज → अँड्रॉइड → मीडिया → 'कॉम डॉट व्हॉट्सॲप' नावाचा फोल्डर → व्हॉट्सॲप → मीडिया या वाटेने जा. व्हिडिओच्या फोल्डरमध्ये 'सेंट' नावाचा आणखी एक फोल्डर असतो. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक व्हिडिओची एक प्रत त्यात पडून असते. मूळ व्हिडिओ गॅलरीत असेल, तर ही प्रत बिनधास्त काढा. व्हॉट्सॲप फोल्डरमध्ये 'मीडिया'च्या शेजारी असलेल्या 'डेटाबेसेस' फोल्डरमध्ये चॅटचे गेल्या काही दिवसांचे बॅकअप असतात. तारीख लिहिलेले जुने काढले तरी चालतात. तारीख नसलेली सर्वात नवी फाइल मात्र राहू द्या.

जपून ठेवायचे फोटो-व्हिडिओ कार्डवर न्या, पण 'मूव्ह' ऐवजी 'कॉपी' करा, कार्डवरचे दोन-चार उघडून बघा आणि मगच फोनमधले पुसा. मूव्ह चालू असताना फोन बंद पडला, तर फाइल ना इकडची ना तिकडची होते. २० जीबी कॉपी व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतील. एक मात्र ध्यानात ठेवा: कार्डवर नेलेला फोटो चॅटमध्ये धूसर दिसेल, कारण व्हॉट्सॲप तो जुन्याच जागी शोधतं. गॅलरीत तो नीट दिसतो.

शेवटी 'मीडिया ऑटो-डाउनलोड' मध्ये व्हिडिओवरची खूण काढा. हे केलं नाही, तर महिन्याभरात पुन्हा तेच.

फोटो-व्हिडिओ थेट कार्डवरच जावेत यासाठी काय करायचं?

कॅमेरा उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज लोकेशन' शोधा आणि 'एसडी कार्ड' करा. १०८०पी व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो, ४के त्याच्या अडीच-तीन पट. मारबतीच्या मिरवणुकीचा अर्ध्या तासाचा ४के व्हिडिओ म्हणजे दहा जीबी. तो इंटर्नलमध्ये गेला, तर फोन त्या दिवशीच भरला समजा. काही फोन एका दमात काढलेले बर्स्ट फोटो इंटर्नलमध्येच ठेवतात. ते अधूनमधून बघत जा.

गाणी, सिनेमे आणि नकाशांचं काय?

ॲप न हलवताही त्यांचा माल कार्डवर जातो, आणि ॲप हलवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, स्पॉटिफाय यांच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडची जागा निवडता येते. गुगल मॅप्समध्ये तुमच्या फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स' उघडा, वरच्या चक्रातून 'स्टोरेज प्रेफरन्सेस' मध्ये जाऊन कार्ड निवडा. ताडोबा किंवा पेंचला निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. जंगलाच्या आत नेटवर्कचा भरवसा धरू नये.

फोटो पुसले तरी जागा का वाढत नाही?

ते ट्रॅशमध्ये आहेत. गॅलरीचा आणि गुगल फोटोजचा, दोन्हींचा ट्रॅश वेगवेगळा असतो आणि फाइली तिथे महिना किंवा त्याहून जास्त राहू शकतात. दोन्ही रिकामे करा.

'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' एकच का?

मुळीच नाही. कॅशे कधीही पुसा, ॲप ती पुन्हा तयार करतं. डेटा पुसला की लॉगिन, सेटिंग्ज आणि ऑफलाइन फाइली जातात. यूपीआय ॲपचा डेटा पुसला, तर सिमची पडताळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

हलवलेलं ॲप काही दिवसांनी आपोआप फोनमध्ये परत आलं. असं का?

अपडेटमुळे. नवी आवृत्ती बसवताना अँड्रॉइड ॲपची जागा पुन्हा ठरवतं आणि कधी कधी ते इंटर्नलमध्ये येतं. पुन्हा हलवा. याच कारणाने फोनमध्ये दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवा. अपडेट होताना जुनी आणि नवी आवृत्ती काही वेळ एकत्र असतात. तेवढी जागा नसेल तर अपडेट अर्ध्यावर अडतं.

कार्ड मध्येच काढलं तर?

त्यावरची ॲप्स लगेच बंद पडतात आणि त्यांची चिन्हं राखाडी होतात किंवा नाहीशी होतात. तेच कार्ड त्याच फोनमध्ये परत लावलं, की सहसा सगळं जागेवर येतं. दुसऱ्या फोनमध्ये ही ॲप्स चालत नाहीत. काढायचंच असेल, तर आधी स्टोरेजमध्ये जाऊन 'अनमाउंट' करा. लिहिणं चालू असताना हिसकलेलं कार्ड करप्ट होऊ शकतं, म्हणजे त्यावरचा डेटा बिघडतो.

'कार्ड करप्टेड, फॉरमॅट करा' असं आलं. करू का?

त्यात फोटो असतील तर लगेच नको. फोन बंद करा, कार्ड काढा, सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि रीडरने कॉम्प्युटरला लावा. दिसलं तर आधी सगळं कॉपी करून घ्या आणि मग फोनमध्ये फॉरमॅट करा. पुन्हा तोच संदेश आला, तर कार्ड थकलंय. काही कार्ड आयुष्याच्या शेवटी फक्त वाचू देतात: पुसलेल्या फाइली रिस्टार्टनंतर पुन्हा दिसतात, फॉरमॅट होत नाही. ते दुरुस्त होत नाही, डेटा काढा आणि नवं घ्या. इंटर्नल म्हणून फॉरमॅट केलेलं कार्ड असेल, तर कॉम्प्युटरचा उपयोग नाही. ते त्याच फोनमध्ये परत बसवून बघा.

नागपूरच्या मे महिन्यात कार्ड उन्हाने खराब होतं का?

चांगली कार्डं ८५ अंशांपर्यंत चालतील अशीच बनवलेली असतात. नाजूक असतो तो फोन. बहुतेक कंपन्या भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगतात, आणि इथे पारा ४५ गाठतो. अशा दुपारी ॲप्स हलवणं, २० जीबी कॉपी करणं किंवा फॉरमॅट करणं टाळा. तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो, कधी मध्येच बंद होतो आणि फाइल अर्धवट राहते. ही कामं रात्री किंवा सकाळी करा, फोन चार्जिंगवरून काढून, कव्हर उतरवून. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत किंवा डॅशबोर्डवर फोन ठेवू नका. वारंवारच्या अशा तापण्याने कार्डातल्या डेटाचं टिकणंही कमी होतं.

फोनला कार्डाचा स्लॉटच नाही.

ओटीजी पेनड्राइव्ह, म्हणजे थेट फोनला लावता येणारा पेनड्राइव्ह, वापरा. टाइप-सीचा घ्या, फाइली त्यावर कॉपी करा आणि काढून ठेवा. त्यावर ॲप्स चालत नाहीत. ॲप्ससाठी प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल' खाली ॲप्स आपोआप आर्काइव्ह करण्याचा पर्याय आहे. त्यात न वापरलेल्या ॲपचा बहुतांश भाग काढला जातो, पण चिन्ह आणि तुमचा डेटा राहतो. चिन्हावर टॅप केलं की ॲप पुन्हा उतरतं.

फोन विकायचा किंवा बदलायचा आहे. कार्डाचं काय करू?

आधी कार्डवरची सगळी ॲप्स इंटर्नलमध्ये परत आणा. फोटो कॉम्प्युटरवर किंवा ओटीजीवर कॉपी करून उघडून बघा. कार्ड इंटर्नल म्हणून वापरत असाल, तर त्याच फोनमध्ये ते 'पोर्टेबल' म्हणून पुन्हा फॉरमॅट करा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. फोटो कॉपी करण्याआधीच रीसेट केला, तर अशा कार्डवरचं काहीही परत मिळणार नाही. साधं कार्ड असेल, तर अनमाउंट करून काढून घ्या, ट्रे परत बसवा आणि सिम काढल्याची खात्री करा.